सदतीस इंचांची हर्ली

मित्रांनो, मी एक जुनी हर्ली आहे. आज माझी लांबी चोवीस इंच. जन्मले तेव्हा सदतीस इंच होते. माणसं वयानुसार वाढतात, मी वयानुसार कमी होत गेले, आणि खरं सांगू का, त्यातच माझं भलं झालं. ते कसं, हेच आज सांगणार आहे. तेव्हा मधेच कुणी उठू नका.

आमच्या हॉकीसारख्या हर्लिंगच्या खेळात चेंडू मारायचा, उचलायचा, अडवायचा, सगळं हर्लीनं. वरच्या टोकाला मूठ आणि खालच्या टोकाला तळहाताएवढं रुंद पातं. आम्ही अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाच्या. त्यातही कुठलंही लाकूड चालत नाही. बुंधा जमिनीलगत मुळांकडे वळतो ना, तिथलंच लागतं, कारण पात्याच्या वळणाबरोबर लाकडाच्या रेषाही वळाव्या लागतात. किलव्हारा गावच्या जार्लथनं मला अशाच एका बुंध्यातून काढलं. रंधा मारून झाल्यावर त्यानं माझं पातं जमिनीला टेकवलं, मला जोरात दाबून वाकवलं आणि सोडून दिलं. मी टणकन सरळ झाले. म्हातारा खूश झाला. "हिच्यात जीव आहे," म्हणाला.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. मला घडवायला सांगणारा होता फिंटन डोलार्ड. वय सव्वीस, आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वरिष्ठ संघाचा बचाव खेळाडू, अंगानं आटोपशीर आणि डोक्यानं गरम. पंधरा दिवसांवर फायनल होती.

"किती इंच?" जार्लथनं विचारलं.

"सदतीस."

"तुला? अरे, स्वतःची उंची बघ जरा! पस्तीस घे. मूठ कमरेच्या हाडापर्यंत आली की झालं."

"काका, दोन इंच लांब म्हणजे समोरच्याच्या आधी चेंडूपाशी पोचणार मी."

"आणि खाली वाकशील तेव्हा?"

"तुम्ही हर्ली करा हो. खेळायचं मी बघतो."

जार्लथनं पेन्सिल उचलली. त्यानं सदतीस इंचांवर खूण केली.

फायनलमध्ये मी सत्तर मिनिटं जीव तोडून खेळले. फिंटननं माझ्यावर किती फटके अडवले त्याची गणतीच नाही. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. चेंडू घरंगळत फिंटनच्या पुढ्यात आला. उचलायचा आणि लांब मारून द्यायचा, एवढंच काम. तो वाकला, मला चेंडूखाली सरकवलं, आणि माझी मूठ खच्चून त्याच्या पोटात रुतली. क्षणभर त्याचा श्वास अडकला. तेवढ्यात समोरच्या पोरानं चेंडू पळवला आणि गोल केला. गोलाचे तीन गुण. आम्ही एका गुणानं हरलो.

"चेंडू निसटला बिचाऱ्याचा," लोक म्हणाले. पोटात काय रुतलं ते कुणालाच दिसलं नव्हतं. फिंटननंही कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर त्यानं शेकोटीच्या वर एक खिळा ठोकला आणि मला तिथे टांगलं.

मित्रांनो, तिथे माझी फार बडदास्त होती. दर हिवाळ्यात जवसाचं तेल, दर रविवारी फडकं. पाहुणे चहाचा कप हातात घेऊन माझ्यापुढे उभे राहायचे आणि विचारायचे, "हीच का ती फायनलची?" फिंटन नुसतं "हं" करायचा. मला राग यायचा. ज्या लाकडाला चेंडू हवा, त्याला तेल पाजून काय उपयोग? चौतीस वर्षं एकाही चेंडूनं मला शिवलं नाही. आणि त्या चौतीस वर्षांत आमची काउंटी पुन्हा फायनलला पोचली नाही.

मग लॉर्कन आला. फिंटनच्या मुलीचा मुलगा, तेरा वर्षांचा, लुकडा, पण जिद्दी. शाळेतून आला की दूधसंकलन केंद्राच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. शंभर उजवीकडून, शंभर डावीकडून. डावीकडचा एखादा चुकला की पुन्हा एकपासून. आई हाका मारून मारून थकायची आणि बटाटे गार व्हायचे. त्या पोराला एकच ध्यास होता, काउंटीचा शर्ट.

एक दिवस त्याला बोलावणं आलं. काउंटीची चौदा वर्षांखालची मुलं तयार करायचं काम नूला ब्रॉफीकडे होतं. ती शाळेत शिकवायची आणि शनिवारी मैदानावर उभी असायची. गावोगावची बासष्ट मुलं तिनं बोलावली होती. सहा शनिवार त्यांना खेळवायचं आणि सहाव्या शनिवारी तीस निवडायची. "आज ही तेरा वर्षांची आहेत," ती म्हणायची, "पण सात-आठ वर्षांनी वरिष्ठ संघात जायचं आहे ते यांनाच. दुसरी कुठून आणणार?"

बोलावणं आल्यावर फिंटननं मला खिळ्यावरून उतरवलं.

"तुझी राहू दे घरी," तो नातवाला म्हणाला. "काउंटीसाठी निघालास, तर काउंटीची हर्ली ने."

लॉर्कनची स्वतःची तेहतीस इंचांची होती, त्याला बेतशीर. पण आजोबांनी ती फायनलची हर्ली हातात दिल्यावर पोर काय बोलणार? त्यानं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तो आनंद दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत टिकला.

नूलानं मुलांना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाची हर्ली कमरेशी लावून पाहिली. लॉर्कनपाशी आली आणि थांबली.

"ही कुणाची रे?"

"आजोबांची."

"चार इंच जास्त आहे. माझ्या पिशवीतली एखादी घे."

"नको ताई. आजोबांनी दिलीय."

नूला तडक कुंपणाशी उभ्या असलेल्या फिंटनकडे गेली. "फिंटनकाका, पोराला झेपेल अशी द्या हो. ही फार लांब आहे."

"वाढत्या अंगाची आहे," फिंटन म्हणाला. "वर्षभरात बेताची होईल त्याला."

"निवड वर्षभरानं नाही, पाच आठवड्यांनी आहे."

"पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हा मी या हर्लीनं फायनल खेळलोय. लांबीबद्दल मला शिकवू नकोस."

त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. नूलाला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. हट्टी तो होताच. पण हर्ली लांब आहे हे कबूल करायचं, तर चौतीस वर्षांपूर्वीचंही कबूल करावं लागलं असतं. त्याच्याशिवाय ते फक्त मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

पुढचे शनिवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. धावताना लॉर्कन वाऱ्यासारखा धावायचा, चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. पण वाकला की माझी मूठ त्याच्या पोटात. मी अंग चोरायला बघायचे, पण लाकडाला अंग कुठलं चोरता येतंय! पोरं तर टपलेलीच होती. "ए लॉर्कन, हर्ली आणलीस की शिडी?" "वाकू नकोस रे, आरपार जाईल!" लॉर्कन दात ओठ खाऊन पुन्हा वाकायचा. घरी मात्र एका शब्दानं बोलायचा नाही.

सहावा शनिवार उजाडला. भुरभुर पाऊस होता. शेवटचा सामना, दोन अर्धे भाग, आणि मग तीस नावं. पहिल्या भागात तीन चेंडू लॉर्कनच्या पुढ्यात आले आणि तिन्ही वेळा माझ्यामुळे गेले. नूलानं वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, मोडून पडावं इथेच.

मध्यंतरात मुलं कुंपणाशी पाणी प्यायला आली. लॉर्कननं तोंड पुसायला शर्ट वर उचलला. फिंटन समोरच उभा होता. बेंबीच्या वर, किंचित उजवीकडे, एक काळानिळा गोल वळ होता. माझ्या मुठीएवढा.

फिंटन त्या वळाकडे बघतच राहिला. फायनलच्या संध्याकाळी त्याच्या पोटावर असाच वळ होता, त्याच जागी. त्यानं तो बायकोलाही दाखवला नव्हता.

"कधीपासून आहे हे?" त्यानं विचारलं.

"पहिल्या शनिवारपासून. काही नाही आजोबा. दुखत नाही."

"खोटं बोलू नकोस. दुखतं. मला माहितीय."

फिंटन शेतांना कुंपणं घालायची कामं करायचा, त्यामुळे गाडीत करवत असायचीच. तो ती घेऊन आला, माझ्यावरची मुठीची टेप त्यानं सोलून काढली आणि मला फाटकाच्या आडव्या लाकडावर ठेवलं. लॉर्कननं माझं पातं घट्ट पकडलं.

"आजोबा, नको! फायनलची आहे ती!"

"म्हणूनच," फिंटन म्हणाला. "मलाही लांबच होती रे ही. जार्लथनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तो चेंडू निसटला नव्हता, माझ्याच पोटात हर्ली रुतली होती. काउंटी माझ्या हट्टापायी हरली. आणि आता तेच तुझ्यावर लादत होतो मी. सोड ते पातं. नाही, सोडू नकोस, घट्ट धर. हलली तर वाकडी कापली जाईल."

एव्हाना नूलाही जवळ आली होती. तिनं सगळं ऐकलं. बोलली मात्र एवढंच, "काका, चार मिनिटं आहेत. लवकर."

मला दुखलं का? दुखलं. खूप दुखलं. पण ओरडता आलं असतं तर मी एकच ओरडले असते, "काप! चौतीस वर्षं उशीर झालाय, काप!" चार इंचांचा तुकडा ओल्या गवतात पडला. फिंटननं नवी टेप गुंडाळली आणि मला नातवाच्या हातात दिलं.

दुसरा भाग सुरू झाला. चेंडू घरंगळत आला. लॉर्कन वाकला. मी चेंडूखाली शिरले, माझी मूठ त्याच्या कमरेशेजारून अलगद मागे गेली, आणि चेंडू उचलला गेला! वळून त्यानं असा फटका मारला की थेट पलीकडच्या टोकाला. शिडी म्हणणारी पोरं चेंडूमागे पळत सुटली. मग दुसरा चेंडू, तिसरा, सातवा. एकही सुटला नाही.

शेवटी नूलानं नावं वाचली. तीस नावं. लॉर्कनचं नव्हतं. फिंटननं टोपी काढली आणि खाली बघत राहिला. तेवढ्यात नूलानं वही मिटली आणि लॉर्कनला हाक मारली.

"तुझा खरा खेळ मी एकच अर्धा भाग पाहिलाय. दुसरा अर्धा पाहायचा राहिला. पुढच्या शनिवारी ये. एकतिसावा म्हणून ये."

तो गेला. त्या शनिवारी गेला, पुढच्या गेला, पावसात गेला, ताप असतानाही निघाला तेव्हा आईनं दाराला कडी घातली. वेड्यासारखा मागे लागला होता चेंडूच्या, असं त्याचे दोस्त म्हणायचे. नाताळपर्यंत नूलानं त्याला एकतिसावा म्हणायचं सोडून दिलं होतं. पुढे सोळा वर्षांखालचा संघ झाला, मग वीस वर्षांखालचा.

तोवर तो ताडमाड वाढला आणि मी त्याला तोकडी पडले. फिंटननं मला पुन्हा कापलं, एकोणतीस इंचांवर, लॉर्कनच्या मामेबहिणीसाठी. तिच्या हातात माझं पातं चिरलं, तेव्हा त्यावर पत्र्याची पट्टी बसली. मग आणखी पाच इंच गेले, आणि आता मी शेजारच्या सॉरकाची आहे. सॉरका सहा वर्षांची आहे. ती मला चिखलात टाकते, कुत्र्याला माझ्यानं चेंडू मारून देते, आणि रात्री पलंगाखाली ठेवते. मी फार सुखात आहे.

गेल्या रविवारी लॉर्कन काउंटीच्या वरिष्ठ संघाचा शर्ट घेऊन आजोबांना दाखवायला आला. सॉरकाही मला घेऊन तिथे गेली होती, म्हणून मला सगळं दिसलं. शेकोटीवरचा तो खिळा अजून आहे. त्यावर आता माझा चार इंचांचा तुकडा दोऱ्यानं टांगलेला आहे. लॉर्कनसोबत आलेल्या एका पोरानं विचारलं, "हे काय लाकूड लटकवलंय?"

"ती माझी चूक," फिंटन म्हणाला. "दिसेल अशी ठेवलीय." आणि त्यानं त्या पोराला अख्खी गोष्ट सांगितली, पोटातल्या वळासकट.

मित्रांनो, अॅशची झाडं आता रोगानं वाळत चालली आहेत. माझ्यासारख्या पुढे किती होतील, सांगता येत नाही. म्हणून आम्हाला जपा. पण जपा म्हणजे भिंतीवर टांगू नका. तेल कमी दिलंत तरी चालेल, चेंडू द्या. आणि आमची मूठ कुणाच्या पोटात रुतताना दिसली, तर करवत आणायला चौतीस वर्षं लावू नका.