माझ्यात नसलेली खंजेरी

मित्रांनो, मी आता फार दमलो आहे. बाजारात मला पॅड कंट्रोलर म्हणतात, पण वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं, तिथे मी पहिल्या दिवसापासून नुसता ‘डबा’. काळं चौकोनी अंग, त्यावर रबराच्या सोळा चौकटी, वरच्या कडेला पिळायच्या गोल खुंट्या आणि मागे एक वायर. तुमच्या वहीपेक्षा मी थोडासाच मोठा. एवढ्याशा अंगावर मी इतकी वर्षं मार खाल्ला की आता कोणी नुसता हात फिरवला तरी बरं वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा घोटाळा तुम्हांला कळेल. मी जन्माचा मुका आहे. ढोलकीवर थाप मारली की ढोलकी बोलते. माझ्यावर मारली तर रबर दबल्याचा बारीकसा आवाज होतो, तोही कान लावला तर. माझं काम निरोप्याचं. कोणती चौकट दाबली, हळूच दाबली की जोरात, एवढं मी वायरीतून कॉम्प्युटरला कळवतो. आवाज सगळे त्याच्याजवळ साठवलेले असतात आणि वाजवतोही तोच. कौतुक मात्र माझं होतं, कारण लोकांना बोटं माझ्यावर पडताना दिसतात. मला या कौतुकाचा कधीच फार आनंद झाला नाही.

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या कारखान्यातला. मला कोणी मोठ्या प्रेमाने घडवलं असं काही नाही. एका बाईने माझ्या चौकटी भराभर दाबून पाहिल्या, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. पुढे नागपुरातल्या एका हौशी माणसाने मला विकत घेतलं. त्याची हौस लवकरच फिटली आणि सिंदी मेघेतल्या या घरातल्या धीरजने मला त्याच्याकडून आणलं. एसटीत खिडकीपाशी बसून, वर्ध्यापर्यंत मला मांडीवर घेऊन आला बिचारा.

धीरज तेव्हा घरातल्या पुढच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचा. खोली कसली, भिंतींना जुन्या गोधड्या टांगलेल्या, खिडकीला गादी उभी केलेली, आणि माइक सुरू झाला की पंखा बंद. ऐन मे महिन्यात तिथे बसून लोक भजनं म्हणत, हळदीची गाणी म्हणत आणि घामाघूम होऊन बाहेर पडत. धीरजची बायको रीता त्यांना ताक देऊन देऊन थकून जाई.

त्याच घरात तानबाजी होते, धीरजचे वडील. गिरडकडच्या त्यांच्या गावात भजनी मंडळ होतं आणि त्या मंडळात ते तरुणपणापासून खंजेरी वाजवत. लाकडाचं गोल कडं, एका बाजूने ताणून बसवलेलं कातडं आणि कडेच्या खाचांत पितळेच्या चकत्या, अशी ती खंजेरी. गावातून मंडळाचा निरोप आला की तानबाजी ती पिशवीत घालून मिळेल त्या गाडीने निघत.

मला पाहून त्यांनी नाक मुरडलं.

“याले कातडं नाई, चकत्या नाई. हे काय बोलन बे?”

“थांबा न बाबा,” धीरज म्हणाला. “तुमच्याच आवाजात बोलवून दाखवतो.”

मग एका दुपारी धीरजने त्यांना माइकपुढे बसवलं. त्याला एकेक थाप सुटी सुटी हवी होती. बोटाच्या टोकाची, तळव्याची, अंगठा घासून काढलेली घुमणारी, नुसत्या चकत्या हलवल्याची. तानबाजींना मात्र एका थापेवर थांबताच येईना. एक मारली की हात पुढे धावे आणि तोंडात भजन येई.

“एकच मारा बाबा!”

“एकच कशी मारू? एका थापेचं भजन होते का?”

घाम पुसत, भांडत बापलेकांनी ते काम पुरं केलं. धीरजने माझी एकेक चौकट एकेका थापेला जोडून दिली आणि बापाला म्हणाला, मारा आता. तानबाजींनी भीत भीत बोट टेकवलं. समोरच्या स्पीकरमधून त्यांचीच खंजेरी बोलली. तापल्या तव्याला हात लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा मारला, आणि मग हसत सुटले.

“रीता, येजो व इकडे! मी डब्यात गेलो, पाह्य!”

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस. पुढे सॉफ्टवेअरमधली एक करामतही धीरजने त्यांना दाखवली. थाप जरा मागेपुढे पडली की कॉम्प्युटर तिला ओढून नेमकी तालाच्या रेषेवर बसवतो. तानबाजींनी ते वाजवणं ऐकलं आणि त्यांचं तोंड आंबट झालं. “हे कोण वाजवून राह्यलं?” म्हणाले. धीरजने ती करामत बंद केली ती कायमची.

नंतरची वर्षं नुसती राबण्याची. हळदीची गाणी, गणपतीची गाणी, शाळेची स्नेहसंमेलनं, सगळीकडे तानबाजींची खंजेरी आणि सगळीकडे माझ्यावर धीरजची बोटं. एकदा निवडणुकीच्या प्रचारगाडीचं गाणंही आम्ही केलं. तानबाजी वर्ध्याच्या बाजारात वांगी घेत होते आणि गाडी समोरून गेली. “थांब, हे तं मी हाय!” असं ते भाजीवाल्याला म्हणाले. भाजीवाल्याला वाटलं, उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

गिऱ्हाईक आलं की धीरज माझ्या पाठीवर थोपटून म्हणायचा, “बाबाची खंजेरी या डब्यात हाय.” खरं काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण फाइल, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क हे सारं समजावत कोण बसणार? डबा म्हटलं की काम भागायचं. घरातही तो तेच बोलायचा. रीता ऐकायची, तानबाजी ऐकायचे. मीही ऐकायचो, आणि मला तोंड नव्हतं.

हळूहळू लोक मोबाइलवरच गाणी करू लागले आणि पुढची खोली ओस पडली. धीरजने हिंगणघाटला एका कंपनीत नोकरी धरली. तिथेच खोली करून राहिला, रविवारी तेवढा घरी येई. मला कपाटात ठेवलं. कॉम्प्युटर कोपऱ्यात पडला, उंदरांनी त्याच्या वायरी कुरतडल्या आणि तो सुरू होईनासा झाला.

त्यातच तानबाजींना लकवा मारला. जीव वाचला, पाय सावरले, पण उजवा हात लुळा पडला. खंजेरी खुंटीला लागली. घरात कोणी त्यांच्यापुढे भजनाचा विषय काढीना. पण ते स्वतःच रीताला धीर द्यायचे. “हात गेला तं गेला. माह्यी खंजेरी डब्यात हाय न!” दिवसातून एकदा तरी हे वाक्य यायचं. बाकी सगळं गेलं तरी एवढं आपलं कोणी नेणार नाही, या भरवशावर तो माणूस उठत होता, जेवत होता. कपाटात पडल्या पडल्या ते ऐकून माझा जीव तुटायचा.

दसऱ्याला घरोघरी अवजारांची पूजा होते, हे तुम्हांला माहीत आहे. रीताने विळा पुजला, शिलाई मशीन पुजली आणि मग मला कपाटातून काढून पाटावर बसवलं. मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आपट्याचं पान ठेवलं आणि डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. सासऱ्यांची खंजेरी माझ्या पोटात होती ना! कुंकवाचे कण रबराखाली शिरले आणि माझी कोपऱ्यातली चौकट तेव्हापासून अडकते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे कोणाचं लक्षही गेलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत तो कॉम्प्युटर गेला. रीताने मोडका पंखा, फुटक्या बादल्या आणि ते धूळ खाणारं खोकं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. कपाटाचं दार उघडंच होतं. मी सगळं पाहिलं. मित्रांनो, मुकेपणाचं दुःख मला त्या दिवशी जेवढं झालं तेवढं कधी झालं नाही. रीताने कपाट पुसलं, मला स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि पुन्हा जपून आत ठेवलं.

थंडीत गावाहून रूपरावजी आले. मंडळाचे प्रमुख ते, पेटी वाजवायचे.

“सप्ताह हाय,” ते म्हणाले. “काल्याच्या दिवशी तुम्ही पायजेच तानबाजी. नुसते बसजा.”

“नुसता काऊन बसू?” तानबाजी म्हणाले. “डबा घेऊन येतो. डाव्या हातानं वाजवतो. माह्यीच खंजेरी हाय, मालूम नाई का तुले?”

त्या आठवड्यात म्हाताऱ्याची चालच बदलली. पलंगाच्या काठावर डाव्या हाताच्या बोटांनी सराव सुरू झाला. रविवारी धीरज नवा लॅपटॉप घेऊन आला. वायर जोडली, माझे दिवे लागले. तानबाजी स्वच्छ सदरा घालून समोर बसले आणि त्यांनी डाव्या हाताने माझ्यावर थाप मारली.

स्पीकरमधून कुठल्यातरी विलायती ड्रमचा धडाका आला.

त्यांनी दुसरी चौकट मारली. तिसरी मारली. प्रत्येक वेळी तेच परकं आदळणं. धीरज म्हणाला, “थांबा बाबा, जुन्या कॉम्प्युटरातून तुमचे आवाज यात टाकायचे हायत. त्याची डिस्क चांगली असन. रीता, कुठी हाय तो?”

“भंगारात देला दिवाळीत,” रीता म्हणाली. “बंदच होता न.”

धीरज ओरडला, “अवं, त्याच्यातच होती बाबाची खंजेरी!”

“तुमीच तं सांगत होते, डब्यात हाय म्हणून!” रीता उसळून म्हणाली. “जो आला त्याले सांगत होते. मी डबा जपला जी. दसऱ्याले पूजा केली त्याची. मले काय मालूम?”

धीरजने लॅपटॉप मिटला. रागावणार तरी कोणावर? तानबाजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर मला सोसलं असतं.

धीरजने वर्ध्यातली भंगाराची दुकानं पालथी घातली. काही हाती लागलं नाही. मग त्याने जुन्या गाण्यांमधून खंजेरी वेगळी काढायचा खटाटोप केला. प्रचाराच्या गाण्यातली थाप स्वच्छ निघाली, पण तिच्यासोबत ‘प्रचंड बहुमतांनी’ हे शब्दही आले. शेवटी रीताने खुंटीवरची खंजेरी काढली आणि सासऱ्यांपुढे दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. “मारा मामाजी, डाव्या हातानं मारा.” त्यांनी मारली. धीरजने रेकॉर्ड करून ऐकवली.

“पुसून टाक,” तानबाजी म्हणाले. “हे माह्यी नाई.”

आता ते काल्याला जाणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं. पण त्या सकाळी त्यांनी मला पिशवीत घालायला सांगितलं. धीरज वायर गुंडाळू लागला.

“वायर राहू दे,” ते म्हणाले.

“बाबा, वायरीशिवाय हा मुका हाय.”

“मालूम हाय मले. चाल.”

मंडपात रूपरावजींनी पेटीवर सूर धरला. खंजेरी नव्हती, त्यामुळे टाळकरी बावचळले. एक पुढे पळाला, दुसरा मागे राहिला, भजन खड्ड्यातल्या बैलगाडीसारखं हेलकावे खाऊ लागलं. तेव्हा तानबाजींनी मला मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने वाजवायला सुरुवात केली. आवाज कसला येणार? पण एका टाळकऱ्याची नजर त्यांच्या हाताकडे गेली. मग दुसऱ्याची. रूपरावजींनीही मान वळवली. हळूहळू सगळे त्या हाताकडे बघत वाजवू लागले, आणि विस्कटलेलं भजन जागेवर आलं. भर मंडपात मी नेहमीसारखाच गप्प होतो. इतक्या वर्षांत मला हजारो वेळा मारलं गेलं, पण मला खरंच कोणीतरी वाजवतं आहे असं त्याच दिवशी वाटलं. मागे उभी असलेली रीता पदराने डोळे पुसत होती, आणि मला हात असते तर मीही डोळे पुसले असते.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. चौकटी गुळगुळीत झाल्या, वायर सैल झाली. जाता जाता एवढीच विनवणी आहे. माझ्यासारख्याला फुलं वाहू नका, आम्हांला त्याचा उपयोग नाही. जो आवाज हवा आहे तो नेमका कुठे ठेवला आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा आणि तो आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तुमच्या घरात कोणी गाणारं, वाजवणारं असेल तर त्याच्यासमोर जाऊन बसा. यंत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आम्ही यंत्रं थकतो, बिघडतो, भंगारात जातो.

धीरज आता रविवारी घरी आला की बापासमोर बसतो. तानबाजी माझ्यावर डाव्या हाताने थाप दाखवतात आणि धीरज ती खऱ्या खंजेरीवर काढायला बघतो. त्याची बोटं माझ्या रबराला सोकावलेली, कातड्यावर ती घसरतात. तानबाजी त्याच्यावर खेकसतात, शिव्याही घालतात, रीता आतून हसते. मागच्या रविवारी मात्र ते खेकसले नाहीत. माझ्यावरचा हात त्यांनी उचलला आणि धीरज वाजवत होता तोवर डोळे मिटून ऐकत राहिले.