जावयाची वाट

"ऐक ना, हे कसं वाटतं?" शरच्चंद्र खुर्चीतूनच म्हणाले. "उद्या तुझा नाही, आज हाती आहे तोवर जगून घे."

"छान आहे," पोळी लाटता लाटता वनमाला म्हणाली. "मग आज दहिसरला जायचं ना?"

"आज नको गं. शेवट जमत नाहीये. पुढच्या रविवारी नक्की."

दहिसरला वनमालाची आई, सोनूबाई, मुलाकडे राहायची. गणपतीपासून म्हातारीचा एकच धोशा होता: जावयाला एकदा जेवायला आण. हल्ली तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती. वनमाला गेली की ती आधी तिच्या मागे बघायची आणि विचारायची, "एकटीच इलंस?"

आणि इथे मुलुंडच्या दोन खोल्यांत हा वॉर्ड ऑफिसातला हेडक्लार्क दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन कविता मराठीत आणत बसला होता. सहा दिवस ऑफिस, सातव्या दिवशी रोम. एशियाडच्या खेळांपायी शेजारी रंगीत टीव्ही आला, तोसुद्धा बघायला हा बाबा उठला नाही. मेलेल्या कवीला एवढी कसली घाई, हे वनमालाला कळत नव्हतं. जिवंत म्हातारीला होती.

"तो तुमचा रोमन सांगतोय काय, नि तुम्ही करताय काय?"

"त्याचं सांगणं लोकांपर्यंत पोचायला नको?"

"आधी या घरात पोचवा."

"वा, चांगलं बोललीस," शरच्चंद्र कौतुकानं म्हणाले आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. वनमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला बखोटीला धरून नेता आलं असतं तर तिनं केव्हाच नेलं असतं. तिनं नुसती भांडी आपटली.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळीनंतर कविता एकदाची संपली. त्या रविवारी शरच्चंद्रांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला, पेढे घेतले आणि आपणहून म्हणाले, "चल, जाऊ."

दहिसरला भावजयीनं, रत्नप्रभानं, सुरमई तळली होती. सोनूबाई नवं लुगडं नेसून दाराशीच बसली होती. शरच्चंद्र वाकून पाया पडले. म्हातारीनं त्यांना न्याहाळलं आणि परक्याशी बोलावं तसं अदबीनं म्हणाली, "बसा. माझो जावई येवचो आसा. तो इलो की वाढूक घेतंय."

"आई, हेच ते," वनमाला म्हणाली.

"ह्ये न्हय गो, बाय. माझ्या वनून सांगल्यान हा, येतलो म्हणान."

शरच्चंद्र भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून बसले. वनमालाला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण आता ओरडून काय होणार होतं? आत सुरमई निवत होती. वनमाला आईशेजारी उंबऱ्यावर बसली आणि तीही रस्त्याकडे बघू लागली.