सालींची किटली

फ्लॅटमध्ये राहायला येऊन दोन वर्षं झाली, तरी केराच्या डब्यात भाजीची साल टाकताना कलाबाईंचा हात अडायचा. सगळा जन्म मखमलाबादच्या मळ्यात गेलेला. तिथं देठ, पाला, सडका टोमॅटो, सगळं उकिरड्यावर जायचं आणि खत होऊन पुन्हा वाफ्यात यायचं. इथं नाशिकच्या इंदिरानगरात सकाळी घंटागाडी यायची आणि मेथीचे देठ, प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या काचा एकाच ढिगात घेऊन जायची.

नवरा बहिरू वारल्यावर वाटणीची जमीन विकली गेली आणि मुलानं, महेशनं, तिसऱ्या मजल्यावर हा फ्लॅट घेतला. वर्षभरातच त्याची बदली चाकणला झाली. "तिथली जागा लहान आहे, आई. मोठी मिळाली की तुला नेतोच," असं सांगून तो आणि सून सुवर्णा गेले. मोठी जागा अजून मिळायची होती.

कलाबाईंनी गॅलरीत दोन फुटक्या बादल्या मांडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माती विकत आणली. एक थर सालींचा, एक मातीचा. रोज सकाळी त्या खुरप्यानं खालवर करायच्या. दिवसातलं तेवढंच काम त्यांना काम वाटायचं.

पावसाळ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वाघचौरे आले. संकोचले होते.

"मावशी, खालच्या लोकांची तक्रार आहे."

"वास येतो का, साहेब? तुम्हीच बघा."

वाघचौरे खरंच वाकले. "वास नाही हो. पण चिलटं होतात. मला चार लोकांचं ऐकावं लागतं."

कलाबाईंनी बादल्या रिकाम्या केल्या. पण त्या दिवशी दुधी सोलला आणि सालींपाशी त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग माळ्यावरची दुधाची जुनी किटली काढली, साली तिच्यात भरल्या, झाकण घट्ट लावलं.

चार दिवसांनी किटली भरली, तेव्हा त्या बसनं सीबीएसच्या मोठ्या स्टँडवर गेल्या आणि तिथून मखमलाबादची बस धरली. जायला ठिकाण एकच होतं. थोरल्या जावेचा, भागीबाईचा मळा. जमीन विकल्यापासून दोघींमध्ये बोलणं नव्हतं. "माती विकली, आता सिमेंट खा," हे भागीबाईचे शेवटचे शब्द.

भागीबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिनं किटलीकडं पाहिलं.

"काय हे त्यात?"

"साली हायेत, बाई. उकिरड्यावर टाकू का?"

"शहरातला कचरा आता आमच्या दारात?"

"मळ्यातलंच हे. मळ्यात आणलं."

भागीबाईनं मान खाली घातली आणि पुढची जुडी घेतली. टाक म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. कलाबाईंनी किटली उपडी केली, पाटाच्या पाण्यात विसळली आणि परतीची बस धरली.

मग दर सोमवारी आणि शुक्रवारी तसंच चाललं. कंडक्टर ओळखीचा झाला. त्याला वाटायचं, म्हातारी दूध पोचवते. भागीबाई कधी घरात असायची, कधी लांब वाफ्यात. एकदाच मागून आवाज आला, "मक्याची कणसं मोडून टाकत जा. लवकर कुजत नाय." कलाबाईंनी घरी जाऊन तेवढ्यावर दोन दिवस काढले.

त्या वर्षी शहरात चिकुनगुन्याची साथ आली. कलाबाईंचं हाड न हाड धरलं गेलं. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचं आणि परत येऊन पडायचं. महेशचा रविवारी फोन आला. त्याच्या ऑफिसात ऑडिट चाललं होतं. "थोडा ताप हे, उतरंल," म्हणाल्या. समोरच्या दाराची कडी रोज वाजायची, पावलं जिन्यानं उतरायची. यांच्या दाराशी कुणी थांबलं नाही. त्यात कुणाचा दोष, असंही त्यांना वाटलं नाही. त्या दिसत नाहीत हे कुणाला कळावं, एवढ्या त्या कधी दिसतच नव्हत्या.

तीन आठवड्यांनी बोटं वळायला लागली. कलाबाई किटली घेऊन निघाल्या. बसची पायरी चढवेना, तेव्हा कंडक्टरनं हात दिला.

भागीबाई बांधावरच उभी होती.

"कुठं होतीस?"

"आजारी होते."

"सहा खेपा चुकल्या तुझ्या."

सबंध नाशकात कलाबाईंच्या न येण्याची मोजदाद एका माणसानं ठेवली होती, आणि ते माणूस त्यांच्याशी बोलत नव्हतं.

भागीबाईनं किटली हातातून घेतली, स्वतःच नेऊन ओतली. परत आली ती खुरपं घेऊन. "उभं राहवत नसंल तर बसून मेथी निंद. लय गवत झालंय."

कलाबाई बसल्या. बोटं दुखत होती, गवत नीट निघत नव्हतं. दोन वाफ्यांपलीकडं भागीबाई पाठ करून खुरपत होती. जमिनीचा विषय तिनं काढला नाही, घरात ये म्हणाली नाही. ऊन कलल्यावर एवढंच बोलली, "शुक्रवारी लवकर ये. गवार तोडायला हात लागंल."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं कलाबाईंच्या मातीनं भरलेल्या हातांकडं पाहून साडी आवरून घेतली. कलाबाई खिडकीकडं सरकल्या. घरी आल्या तेव्हा फोन वाजत होता.

"आई, दुपारपासून लावतोय. कुठं गेली होतीस?"

"कुठं नाय रे. कचरा टाकायला."

महेश हसला आणि जेवलीस का विचारू लागला. कलाबाईंनी हो म्हणून सांगितलं.