खैर नाही

माझा भाऊ शाहदाद तुरुंगातून सुटला, चार महिने मुलूखभर भाषणं देत फिरला, पण बोलानच्या खिंडीखालच्या ह्या आपल्या गावी काही आला नाही. लोक म्हणायचे, मीरसाहेबांना इलेक्शनची गडबड आहे. मी म्हणायचे, गडबड डोंबलाची. गावात आलं की हाल द्यावा लागतो, म्हणून तो येत नाही.

आमच्यात आलेल्या माणसाच्या हातात चहाचा पेला येतो न येतो, तोच वडेरा, म्हणजे गावचा म्होरक्या, हाल विचारतो. मग मीर असो की मेंढपाळ, निघाल्यापासून पोचेपर्यंतचं सगळं सांगायचं. कोण भेटलं, कुठे पाऊस झाला, कोण मेलं. पहिला शब्द 'खैर'. घरात मढं पडलेलं असलं तरी पहिला शब्द खैरच. आणि हालात खोटं बोललेल्याबरोबर कुणी जेवायला बसत नाही. भाषणाचं तसं नसतं.

ह्या शाहदादला मी काखेत घेऊन वाढवलं. आई गेली तेव्हा त्याला दात येत होते. शाळेत मास्तरांनी 'तुझा देश कोणता' विचारलं, तर ह्यानं खिडकीतून डोंगराकडे बोट केलं आणि हातावर वळ घेऊन घरी आला. त्याचं राजकारण तिथूनच सुरू झालं म्हणा. क्वेट्ट्याला कॉलेज, तिथे पोरांची संघटना, मग पक्ष, मग तुरुंगाच्या खेपा. एकदा असेंब्लीत निवडून गेला, तर सरकारच बरखास्त झालं आणि हा पुन्हा आत. बलोचांची जमीन, बलोचांचा गॅस, बलोचांची भाषा, ह्यावर तो बोलायला लागला की म्हातारे दाढीत रडायचे. मीही रडलेय, खोटं कशाला बोलू? त्याच भाषणांनी माझा थोरला पोरगा सोराब पेटला.

शाहदादला पकडलं त्याच हिवाळ्यात सोराबलाही शिपाई घेऊन गेले. मामाचं नाव सगळ्या पेपरांत आलं, भाच्याचं कुठेच नाही. कुठे ठेवलाय, आहे की गेला, तेही कळेना. तीन वर्षं माझा जीव टांगणीला. शेवटी वडेरा पिरदाद म्हणाला, आता आशा नको, सून माहगंज तरुण आहे, धाकट्या दिराशी तिचा निकाह लावून टाकू. शुक्रवार ठरला. माहगंज हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसतं पीठ मळत बसली, मळून झालेलंच पुन्हा मळत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बस धरली आणि क्वेट्टा गाठलं.

शाहदादच्या घरी ही गर्दी. अंगणात सज्जी, म्हणजे अख्खं कोकरू, भाजली जात होती, पोरं झेंडे शिवत होती, मोटारीवर भोंगे चढत होते. मला पाहून तो उठला, माझ्या हाताला डोळे लावले, आणि माझी काय फसगत झाली बघा. मी गेले होते त्याचा हाल घ्यायला. पण आलेली मी! म्हणजे हाल द्यायचा मी. त्यानं विचारला, मी दिला. शेळ्यांचा दिला, विहिरीचा दिला, निकाहाचा दिला. मग रीतीप्रमाणे म्हटलं, आता तुझा हाल दे.

तो म्हणाला, "सगळं खैर, अद्दी." अद्दी म्हणजे मी, त्याची बहीण. असं म्हणाला आणि गालिच्याकडे बघत बसला.

सोराबचं काही कळलं का, विचारलं. तर म्हणे, वडेरा सांगेल तसं करा. एवढ्यात कुणीतरी त्याला सभेला चला म्हणून उठवायला आलं. तासन्‌तास बोलणारा माझा भाऊ नुसता चपलेत पाय शोधायला लागला.

दारातच मी त्याला धरलं. म्हटलं, "मी गावी गेले की मला हाल विचारतील. तू काय बोललास आणि कुठे बघत बोललास, तेवढं मी सांगणार. नको असेल तर तूच ये."

"मतदान होऊ दे, अद्दी. मग येतो."

"निकाह शुक्रवारी आहे," म्हटलं आणि बसकडे चालू लागले.

गुरुवारी दुपारी गावात उतरले तर वडेऱ्याच्या गिदानात, त्या काळ्या लोकरी तंबूत, सगळे पुरुष जमलेले. एरवी बायकांचा हाल बायका घेतात. पण म्हातारीला मान दिला त्यांनी. चहा दिला आणि वडेरा म्हणाला, "नाझबीबी, हाल."

"खैर," म्हटलं, आणि सुरू केलं. पण जीभ एकीकडे, कान रस्त्याकडे. असा लांबलचक हाल मी जन्मात दिला नव्हता. बसमध्ये शेजारी कोण होती, तिच्या कोंबडीचा पाय कसा बांधला होता, तेही सांगितलं. चौकीवर शिपायानं माझं गाठोडं कसं उचकलं, ते सांगितलं. माच गावाजवळ टायर बसला, तो मी जितका वेळ बसला होता त्याहून जास्त वेळ बसवून ठेवला. बाहेर मोटारीचा आवाज आला. कोळशाचा ट्रक होता, निघून गेला. पुरुष चुळबुळ करायला लागले. वडेरा एवढंच म्हणाला, बाई, क्वेट्टा हलवलं की काय कुणी? सगळे हसले. मीही हसले, आणि आता काय सांगू म्हणून आतून रडकुंडीला आले.

शेवटी शाहदादच्या अंगणात पोचले. सज्जी सांगितली, झेंडे सांगितले. मग सांगण्यासारखं एकच उरलं, आणि मी तोंड उघडलं तोच मोटार आली.

शाहदाद एकटाच होता. भोंगे नाहीत, पोरं नाहीत. लोक उशा सरकवू लागले, तर हा चपलांपाशीच बसला.

वडेऱ्यानं मला विचारलं, तुझा हाल पुरा झाला का? म्हटलं, माझा झाला, पुढचा ह्याचा आहे. मग वडेरा त्याच्याकडे वळला. "मीर शाहदाद, हाल."

शाहदाद म्हणाला, "खैर नाही."

गिदानात कुणी पेलासुद्धा खाली ठेवला नाही. असं हालात कुणी म्हणत नाही.

मग तो सांगत गेला. सुटकेच्या आदल्या दिवशी त्याला एका खोलीत नेलं. दार उघडलं आणि सोराबला आत आणलं. साहेबानं विचारलं, हा तुमचा माणूस का? हो म्हटलं असतं तर सोराबकडे सापडलेल्या बंदुका पक्षाच्या गळ्यात, आणि सुटका कुणाचीच नाही.

"मी म्हणालो, ह्याला मी ओळखत नाही."

"आणि तो?" वडेऱ्यानं विचारलं.

"तो माझ्याकडे बघून म्हणाला, मीही ह्यांना ओळखत नाही."

माझ्या हाताला लागली ती चहाची किटली मी त्याला फेकून मारली. लाज वाटत होती म्हणून मेल्यानं माझं जिवंत पोर चार महिने खिशात घालून फिरवलं! उद्या त्याच्या बायकोला दुसऱ्याच्या घरात घालत होतो आम्ही. शाहदाद हलला नाही. चहा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरून ओघळत होता.

तेवढ्यात पडद्यामागून माहगंज बाहेर आली. पुरुषांत आली, डोक्यावरची ओढणी सरळ, हाताला पीठ. शाहदादच्या समोर बसली.

"मामा, तो उभा होता? स्वतःच्या पायांवर?"

"उभा होता."

"आवाज कसा होता?"

"बसलेला. थंडीनं बसतो तसा."

वडेरा पिरदादनं खाकरून सांगितलं, निकाह होणार नाही. मतांचं कुणी बोललं नाही, शाहदादनंही नाही.

माहगंजला निकाहाचं ऐकूच गेलं नसावं. ती म्हणाली, "पुन्हा सांगा. दार उघडलं तिथपासून."

त्यानं पुन्हा सांगितलं. 'ह्याला मी ओळखत नाही'पाशी थांबला, तर ती म्हणाली, ते पण सांगा, त्याच्या नंतरच तर तो बोलला. शाहदादनं ते सांगितलं. संपलं तेव्हा तिनं ओढणीनं त्याच्या सदऱ्यावरचा चहा टिपला, आणि म्हणाली, पुन्हा.