गुलछडी कोण?

सावंगीच्या दवाखान्यात, जग सोडून जायच्या आदल्या दिवशी, सुलोचना नवऱ्याला म्हणाली, "माह्या गुलछडीले पाणी देत राहजा जी."

बाबारावांनी हो म्हटलं. गुलछडी कोण, हे विचारायचं राहून गेलं.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. बाबारावांचं सारं आयुष्य सिंदीच्या जिनिंगमध्ये कापूस तोलण्यात गेलं. अंगणात काय उगवतं, ते सुलोचनाच बघायची.

"नाव तं बकरीचं वाटते, काकाजी," शेजारची पौर्णिमा म्हणाली.

तिनं गंमत केली होती. बाबाराव खरंच आळीत चार दारी विचारून आले. त्या नावाची बकरी कोणाकडेच नव्हती.

मे महिन्यात त्यांनी अंगण साफ केलं. न्हाणीजवळ गवताचा झुपका माजला होता. उपटला, तर खाली कांद्यासारखे गड्डे. फेकवेनात, म्हणून टोपलीत ठेवले.

पुढच्या आठवड्यात पौर्णिमाच धावत आली. "काकाजी, गुलछडी फूल असते म्हंते!"

बाबाराव वर्ध्याला गेले. नर्सरीवाले रूपराव म्हणाले, "लग्नाच्या गाडीले पांढऱ्या फुलायचे दांडे लावतेत न? तेच."

"ते तं रजनीगंधा."

"रजनीगंधा म्हणा, निशिगंध म्हणा, गुलछडी म्हणा. फूल एकच. मूळ मेक्सिकोचं, जहाजानं आलं म्हंतेत. जिथं गेलं तिथं नवं नाव."

"मंग तिनं मले हेच नाव काऊन सांगतलं?"

"माहेरी तसं म्हणत असन." रूपरावांनी पिशवीत कंद भरले. "पाला गवतावानी दिसते. उपटून नका टाकजा."

घरी येऊन बाबारावांनी पिशवी कोपऱ्यातल्या टोपलीत उपडी केली आणि तिथंच खाली बसले. आधीचे गड्डे आणि हे कंद अगदी सारखे. आता सगळे एकात एक मिसळले होते. त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला, हुंगून पाहिले. दोन्हींना मातीचाच वास.

"पौर्णिमा, याच्यातले तुह्या काकूचे कोणते व?"

"मले कसं समजन, काकाजी? साऱ्यायले पाणी द्या."

त्यांनी सगळे कंद लावले. रोज सकाळी एकेकाला पाणी घालायचे. शेवटचा तांब्या न्हाणीजवळच्या रिकाम्या खड्ड्यात.

"तिथं तं काहीच नाई, काकाजी."

"एखादा राह्यला असन तं?" बाबाराव म्हणाले आणि तांब्या पुन्हा भरायला वळले.