बसायला जागा

"उठा, घराबाहेर पडा, चाला!" अशा पाट्या नगरपालिकेने जागोजागी लावल्या, तरी वेल्समधलं ते समुद्रकाठचं गाव काही हलेना. किनाऱ्यावर व्यायामाची यंत्रं बसवली, तर त्यांच्यावर सीगल पक्षी ठाण मांडून बसले. मोहीम नगरसेवक एम्रिस पॅरीची. गावच आळशी, असं त्याचं ठाम मत झालं होतं. त्यात सगळ्यात आळशी कोण, तर त्याची सख्खी आई, नेस्टाबाई!

डॉक्टरांनी नेस्टाबाईंना बजावलं होतं, "पाय चालते ठेवा, नाहीतर जिनाही चढवणार नाही." म्हणजे घर सोडून वृद्धाश्रमात जायचं. या विचाराने आईपेक्षा एम्रिसचीच झोप उडाली होती. पण नेस्टाबाई खुर्ची सोडत नव्हत्या. दर रविवारी तो त्यांना गाडीतून टेकडीवर, वडिलांच्या बाकापाशी नेई. गावची रीतच होती ती. माणूस गेलं की घरच्यांनी त्याच्या नावाची पितळी पट्टी लावून बाक द्यायचं आणि पालिकेने ते टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून ठेवायचं.

त्या रविवारी एम्रिस हटून बसला. "आई, आज गाडी नाही. चालतच जायचं."

"चल की! दमलास तर मला सांगू नकोस."

औषधांच्या दुकानापाशीच नेस्टाबाईंना धाप लागली. त्यांनी दिव्याचा खांब धरला.

"इथं बाक होतं ना गं?" एम्रिसने इकडेतिकडे पाहिलं.

"होतं. पोरं चिप्स खात कालवा करतात म्हणून तूच काढायला लावलंस. विसरलास?"

पुढे त्या एका अंगणाच्या भिंतीवर टेकल्या, तर आतून कुणीतरी "उठा" म्हणून काचेवर टकटक केली. चढ लागला आणि नेस्टाबाई भररस्त्यात फुटपाथच्या कडेवर मटकन बसल्या.

"आळस नाही रे हा," त्यांचा आवाज कापत होता. "भीती वाटते. अशीच कुठंतरी अडकले तर?"

एम्रिसने धावत जाऊन गाडी आणली. वर टेकडीवर बाकांची लांबच लांब रांग होती आणि सगळी बाकं रिकामी!

"बघ," नेस्टाबाई म्हणाल्या, "गेलेल्यांची बसायची सोय झक्क केलीत. आम्ही अजून जिवंत आहोत, आम्ही टेकायचं कुठं?"

अरे देवा! एवढी साधी गोष्ट आपल्याला दिसू नये?

"तुझ्या बाबांचं बाक त्या दुकानापाशी ने."

"पण बाबांना समुद्र आवडायचा!"

"समुद्र? त्याच्याकडे पाठ करून बसायचे ते. येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा छाटायला!"

बाकं खाली हलवायची परवानगी मागत एम्रिस घरोघरी गेला. काहींनी तोंड वाकडं केलं, पण नेस्टाबाईंनीच आधी बाक दिलंय म्हटल्यावर बरेचजण कबूल झाले. वर दोन-तीनच बाकं उरली. बाकीची चढावर, बेकरीपुढे, दवाखान्याच्या वाटेवर आली.

वसंतातल्या एका रविवारी एम्रिस गाडी घेऊन आला, तर आईच्या दाराला कुलूप! त्याने गाडी चढावर घातली. बाकाबाकावर माणसं बसली होती. "आत्ताच वर गेल्या," बेकरीपुढच्या म्हाताऱ्याने हात करून सांगितलं.

नेस्टाबाई टेकडीवरच्या बाकावर आरामात सफरचंद खात होत्या. एम्रिसच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले.

"गाडीनं आलास?" त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आळशी कुठला!"

तो पोट धरून हसला. गाडी तिथेच ठेवून तो आईबरोबर चालत खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाट्या स्वतः उतरवल्या. नागरिकहो, आपल्या गावातही घरात बसून राहिलेली माणसं असतील. त्यांना आळशी म्हणण्याआधी एकदा त्यांच्या वाटेने त्यांच्यासोबत चाला. माणसं चालावीत असं वाटत असेल, तर दमल्यावर त्यांना टेकायला जागा आधी द्या!