शिंपीणकाकूंचा पोपट

मित्रांनो, मी एक म्हातारा रानपोपट आहे. माझी पाठ हिरवीगार, डोकं जांभळं, छाती केशरी आणि शेपटीची टोकं निळी. आरसा पाहून मीही खूप मिरवलंय!

उंच झाडाच्या ढोलीत आम्ही तीन भावंडं जन्मलो. आई चोचीनं बिया मऊ करून भरवायची. सकाळी सगळा थवा कलकलाट करत फळांवर तुटून पडायचा. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात फळ धरायचं, हे मी आईकडे बघूनच शिकलो. पुरतं उडता येण्याआधीच एका माणसानं ढोलीत हात घातला आणि रान संपलं.

त्यानं मला बाजारात विकलं. शिंपीणकाकूंनी मला दुकानात आणलं, पिंजरा मशीनशेजारी टांगला. काकू एकट्या होत्या. काज करता करता दिवसभर माझ्याशी बोलायच्या. मी मशीनसारखा खडखड करायला शिकलो. गिऱ्हाईक फसून म्हणायचं, "काकू, मशीन आपोआप चालतंय की!" काकू पोट धरून हसायच्या. माझं फार कौतुक व्हायचं.

पुढे काकूंची नजर अधू झाली. दुकान बंद करून त्या लेकीकडे राहायला आल्या, माझा पिंजरा गॅलरीत गेला. काकू आतल्या खोलीत पडून असायच्या. लेक आणि जावई कामावर. दिवस संपता संपेना. मी स्वतःचीच पिसं उपटू लागलो. छाती पार उघडी पडली.

एकदा काकूंनी पिंजऱ्यात बोटं घातली, तर हाताला नुसती कातडी लागली. त्या चरकल्याच. लेकीनं आम्हा दोघांना जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"अंगात रोग नाही," डॉक्टर म्हणाले. "याला जातभाई हवेत, उडायला जागा हवी. रानाच्या कडेला पक्ष्यांचं आश्रयघर आहे, तिथे सोडा."

"आणि मग मला कोण?" काकू पटकन बोलून गेल्या. मग माझ्या उघड्या छातीवरून बोट फिरवून लेकीला म्हणाल्या, "उद्याच जाऊ. परवावर गेलं तर माझा पाय निघायचा नाही."

आश्रयघरात पहिल्या दिवशी मी फांदीवरून दगडासारखा पडलो. पंखांत बळच नव्हतं. तिथली एक काणी पोपटीण रोज माझ्यापुढे थोडं उडायची, थांबायची, मागे वळून ओरडायची. तिच्या मागे मागे मी उडायला शिकलो. पिसं पुन्हा आली. मग रखवालदारानं जाळीचं छत उघडलं.

वर्षभरानं काकू लेकीचा हात धरून आल्या. कुंपणाबाहेरच्या झाडावर आमचा थवा होता.

"यातला माझा कुठला गं?"

"आई, सगळे सारखेच दिसतात. मला नाही ओळखता येत."

"ओळखू येत नाही ना? मग बरा झाला!" काकू हसल्या आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले.

मी खाली उतरलो, कुंपणावर त्यांच्या हाताजवळ बसलो आणि मान झुकवली. त्यांनी बोटानं ती खाजवली. तेवढ्यात थवा उडाला, मला हाका येऊ लागल्या. काकूंनी हात मागे घेतला.

"जा बाबा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यावर माया पुष्कळांनी केली. पण रंगांवर भाळून ढोलीत हात घालू नका. आम्ही झाडावर बसलेले असतानाच आमची पिसं बघा.